गेटवरचे आबा

कुणी गेटातून आत आलं की आबा खुर्चीतून अर्धे उठायचे, एका हाताने रामराम घालायचे आणि दुसरा हात आडवा धरायचे. "पोर बरी शे. बठा, चहा ल्या." शे म्हणजे आहे, त्यांच्या देवळ्याकडची बोली. लिफ्टकडे निघालेला पाहुणा त्या आडव्या हाताशी थबकायचा आणि निमूट बसायचा. एखाद्याला अडवूनही त्याचा मान राखणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी हा एकच माणूस पाहिला.

गंगापूर रोडलगतच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा मुलगा, सून आणि नात ईश्वरी राहतात. मी तळमजल्यावर, शिवाय सोसायटीची सचिव. ईश्वरी सात वर्षांची असताना तिच्या डोळ्यामागे गाठ निघाली. क्वचितच कुणाला होणारा कॅन्सर. डॉक्टरांनी नाव कागदावर लिहून दिलं, तरी आम्हाला ते धड म्हणता यायचं नाही. वर्षभर केमो, मध्ये रेडिएशन. धाकट्या मुलावर शेती सोपवून आबा मदतीला आले.

तिकडची रीत अशी, की आजारी माणसाला भेटायला जायचंच. न जाणं म्हणजे नातं तोडणं. दुसऱ्या केमोनंतरच्या रविवारी एक जीप भरून माणसं आली. अकरा जण. आबा स्वतः पुढे होऊन त्यांना वर घेऊन गेले. प्रत्येकाने ईश्वरीच्या गालावरून हात फिरवला. त्यातल्या एका बाईला सर्दी होती.

मंगळवारी ईश्वरीला ताप चढला. केमोने पांढऱ्या पेशी आधीच तळाला गेलेल्या. सहा दिवस दवाखान्यात काढावे लागले आणि पुढची केमो लांबली. "या गाठीला सुट्टी देऊन चालत नाही," डॉक्टर म्हणाले. आबांनी कुणाला दोष दिला नाही. "मीच नेलं वर," एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडून प्लास्टिकची खुर्ची मागून नेली.

मी लगेच कामाला लागले. सात सूचना टाइप केल्या, पहिलीच ठळक अक्षरांत: 'कृपया भेटायला येऊ नये.' कागद गेटवर चिकटवला. संध्याकाळी तो घडी घालून माझ्या हातात परत आला.

"ताई, असं दारावर लिहू नाय."

"मग लोकांना कळणार कसं?"

"मी हाय ना. तोंडी नाय म्हटलेलं माणूस इसरतो. लिहिलेलं नाय इसरत."

मग मी सूचनांचा नाद सोडला आणि चहाची पाळी लावली. सोमवार माझा, मंगळवार जोशीबाईंचा, असं करत शनिवारपर्यंत. रविवारी गर्दी जास्त, म्हणून दोन थर्मास. आबा पाळीवर लक्ष ठेवून असायचे. "मंगळवारचा चहा पातळ येतो," ते हळूच सांगायचे. "पण त्यांना बोलू नका. पाहुणे त्यामुळे लवकर उठतात."

लोकही काही कमी नव्हते. एक मावशी वणीच्या देवीचा अंगारा घेऊन आल्या. स्वतःच्या हाताने लावल्याशिवाय गुण येत नाही, असा त्यांचा हट्ट. आबांनी आपलं कपाळ पुढे केलं. "मला लावा. तिचं न् माझं रक्त एकच." मावशींचा नाइलाज झाला. पाहुणे मग अंगणात उभे राहून वर बघत. गॅलरीत टोपी घातलेली ईश्वरी येई, हात हलवी आणि ओरडे, "आबा, आज किती?" ते आलेल्या पाहुण्यांएवढी बोटं दाखवत. नऊच्या वर गेलं की ती टाळ्या वाजवी.

असं सगळं सुरळीत चाललं असताना आबांची थोरली बहीण आली. मालेगावजवळच्या खेड्यातून, एसटीने, एकटी. आई गेल्यावर आबांना तिनेच वाढवलेलं. नातीसाठी तीळ घालून केलेल्या बाजरीच्या भाकरी फडक्यात बांधून आणलेल्या. गेटातून आत येताना तिला खोकला आला.

आबा या वेळी पूर्ण उठले. हात मात्र तसाच आडवा.

"बठ अक्का. चहा ले."

"मला दारात बसवतोस? तुला कडेवर वागवलं मी!"

"पोर बरी शे," ते म्हणाले. त्या दिवशी ईश्वरीच्या पेशी पुन्हा तळाला होत्या; आम्हा दोघांना ते ठाऊक होतं.

अक्का बसली नाही. भाकरी खुर्चीवर ठेवून रिक्षाने निघून गेली. नंतर आबांनी कितीदा तरी फोन केला. तिने उचलला नाही. गेटवरचं काम त्यांनी एक दिवसही सोडलं नाही.

केमो संपली. स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टरांनी भेटीगाठींना परवानगी दिली, तेव्हा आबा माझ्याकडे एकच काम घेऊन आले. "ताई, पोरीला गाडीने अक्काकडे न्यायचंय. बरोबर काय काय घ्यायचं ते लिहून द्या." मी मास्क, पाणी, औषधं, दवाखान्याचा फोन असं सगळं लिहून दिलं. परत आल्यावर "भेट झाली" यापलीकडे ते काही बोलले नाहीत. महिनाभराने ते देवळ्याला गेले, ते कायमचे.

ईश्वरी आता चौथीत आहे. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. गेल्या थंडीत आबा वारले. आम्ही इमारतीतली चार माणसं देवळ्याला घरच्यांना भेटायला गेलो, तेव्हा ओसरीत अक्का बसलेली होती. मी कोण ते कळल्यावर तिने मला जवळ बसवून घेतलं.

"पोरीला घेऊन आला ना, त्या दिवशी मी भाकरतुकडा ओवाळला, पोरीला आत घेतलं, जेवू घातलं. त्याला म्हटलं, तू बाहेर ओट्यावर बस. दोन तास बसला. उन्हात."

"राग होता ना तुमचा," मी म्हटलं.

"राग कसला? पोर गाडीतून उतरली तवाच गेला." तिने पदराने नाक पुसलं. "पण वर्षभर तोंड पाह्यलं नव्हतं त्याचं. ओट्यावर बसला की चुलीपासून दिसतो."