कौंडण्यपूरचा पेढा

अकोल्याला मैनाच्या डोहाळजेवणात सीमानं जमलेल्या बायकांना साखरेवर भाषण दिलं. त्यानंतर दहा मिनिटांच्या आत तिच्या मावशीनं, म्हणजे मैनाच्या आईनं, तिला हाताला धरून मागच्या अंगणात नळापाशी नेलं.

"कोणाले दाखवून राहिली वं तू?" शकुनमावशीचा आवाज दबका होता, पण चेहरा लाल झाला होता. "माह्या बहिणीले बायकाईत उभी करून तिचे गुण गाऊन राहिली!"

"मग वाईट काय बोलले? आईनं सहा वर्षांत साखरेचा दाणा तोंडात घातला नाही. ह्या वयात कोण करतं एवढं?"

"काहून सोडली, माईत हाये का तुले?"

"मी सांगितलं म्हणून."

मावशी हसली. सीमाला आयुष्यात कोणी असं हसलं नव्हतं.

"तू इमानात बसली त्या दिशी मी होती तिच्यासंगं, कौंडण्यपूरले. रुक्मिणीपुढं बोलली थे, का पोट्टी सुखरूप घरी येईन, थे आपल्या हातानं अर्धा पेढा खाईन आन् अर्धा मले चारीन, तवाच मी साखर तोंडात घेईन. पुरा होईस्तोवर नवस सांगाचा नसते, म्हणून चूप बसली हाये. आज मी सांगतलं. लागो मले पाप." मावशीनं पदरानं कपाळ पुसलं. "तीन सालाखाली आली होती ना तू? काहून नाही खाल्ला?"

घरातून बायकांच्या हसण्याचा लोट आला. मावशी आत गेली. सीमा नळाखालच्या बादलीकडं बघत उभी राहिली. बादली भरून वाहत होती आणि तिला नळ बंद करायचं सुचत नव्हतं.

सीमा गावंडे मूर्तिजापूरची. अमरावतीला नर्सिंग केलं, जर्मन शिकली आणि पंचविसाव्या वर्षी जर्मनीतल्या कासेलच्या एका इस्पितळात लागली. तिला वॉर्ड मिळाला तो मधुमेहानं सडलेल्या पायांचा. पट्टी सोडायची, जखम धुवायची, काळं पडलेलं बोट रोज थोडं थोडं वर सरकताना बघायचं. प्रत्येक पाय तिला बापाचा वाटे. रामरावांचा आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय, आणि मग रामराव.

तिनं आपल्या खाण्यातली वरून घातलेली साखर बंद केली ती ह्या भीतीनं, आणि भीती खरी होती. दुकानात ती प्रत्येक डबा पालथा करून मागचं बारीक छापील वाचायची. साखर तिथं स्वतःच्या नावानं क्वचितच भेटे. पावात ती बिटाचा पाक म्हणून असे, काकडीच्या लोणच्यात ग्लुकोज म्हणून, दह्यात फळांचा रस म्हणून. सीमा एकेक ओळखून फळीवर परत ठेवायची. संध्याकाळी फोनवर आईला सगळी यादी ऐकवायची. "तू रामरावांची बायको आहेस, आई. तुला तरी अक्कल यायला हवी."

कारण आईचा, वच्छलाबाईंचा, जीव गोडावर. चहात तीन चमचे साखर. चहा संपला की कपाच्या तळाशी राहिलेली, न विरघळलेली साखर त्या बोटानं पुसून चाटायच्या. नवरा खाटेवर पाय गमावून पडलेला असतानाही त्यांनी हे सोडलं नाही. फक्त त्याच्याकडं पाठ करून चाटायच्या. ते बोट सीमाला लहानपणापासून डोळ्यांसमोर नको व्हायचं.

आणि एक दिवस फोनवर आई म्हणाली, "मी सोडली साखर."

"कधी?"

"झाले दोनतीन महिने."

सीमाला वाटलं, जिंकलं. नर्सबायांच्या मराठी ग्रुपवर तिनं आईचा फोटो टाकला. मूर्तिजापुरातल्या अंगणवाडीत मदतनीस असलेली आई पोरांना गोड शिरा वाढते आहे आणि स्वतः बिनसाखरेचा चहा पिते आहे. त्याला पुष्कळ बदाम आले. पुढं पुढं सीमा कासेलच्या पेशंटनासुद्धा सांगू लागली, की माझ्या आईला जमलं, तुम्हाला का जमू नये?

आता राहिलं ते, जे सीमानं कोणालाच सांगितलं नव्हतं.

ट्रामच्या थांब्याजवळ एक बेकरी होती. दुसऱ्या हिवाळ्यात एका गुरुवारी, दुपारी ड्यूटी संपल्यावर, ती आत गेली आणि मनुके घातलेला, वर साखरेचा पांढरा थर दिलेला गोल पाव घेऊन बाहेर आली. रस्त्याकडं पाठ करून तिनं तो खाल्ला. पुढच्या गुरुवारी पुन्हा. मग दर गुरुवारी. कागद घडी करून ती थांब्यापलीकडच्या डब्यात टाकायची, घरच्या डब्यात कधीच नाही. शुक्रवारी सकाळी वॉर्डात पाय धुताना तिचा आवाज जरा जास्तच कडक असायचा.

जर्मनीला गेल्यावर तीन वर्षांनी ती पहिल्यांदा घरी आली, ती हे सगळं पोटात ठेवून. ओटा बायकांनी भरलेला होता. आईनं पुरणपोळीचा तुपात बुडवलेला तुकडा मोडला आणि तिच्या ओठांशी आणला. सीमानं मान मागं घेतली.

"आई, गूळ म्हणजे साखरच."

"अवं, एक घास तं खाय."

"एका घासानंच सुरुवात होते."

बायका हसल्या. कोणी म्हणालं, "बाप्पा, पोट्टी मोठी सायबीण झाली." कोणी म्हणालं, "बापाचं पाहून शिकली, चांगलं हाये." आईचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला, मग खाली गेला. त्या तीन आठवड्यांत आईनं एकदा शिरा केला, एकदा पेढे. दोन्ही वेळा सीमानं वाटी हातानं दूर सारली. आई मागं का लागते आहे, हे विचारायचं तिला सुचलंही नाही. तिला वाटलं, आई अडाणी आहे आणि अडाणी माणसाला माया गोडातूनच कळते.

निघताना बडनेऱ्याच्या स्टेशनावर आईनं कागदात बांधलेला एक पेढा तिच्या हातात दिला. "कौंडण्यपूरचा हाये. आता खाय, माह्यासमोर."

"नंतर खाते," म्हणून सीमानं तो पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात घातला. गाडी हलली तरी आई खिडकीशी चालत होती. सीमाच्या तोंडाकडं बघत होती.

तो पेढा तिनं फ्रँकफुर्टच्या विमानतळावर खाल्ला. सामानाच्या पट्ट्याजवळ, खांबाच्या आड. तिथं तिला ओळखणारं कोणी नव्हतं. दोन घासांत संपवला आणि बोटं चाटली.

नळाशी उभं राहून तिला आठवलं, ते हेच. बोटं चाटली. अगदी आईसारखी, पाठ करून. फरक एवढाच, की त्या दोन घासांतला एक आईचा होता.

तिनं नळ बंद केला आणि आत गेली.

आत मैनाला पाटावर बसवून तिच्यापुढं दोन वाट्या पालथ्या ठेवल्या होत्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. तिनं उचलली त्या वाटीखाली बर्फी निघाली. "पोरगी! पोरगी होईन!" म्हणून गलका झाला. दुसरी वाटी कोणी उचललीच नाही. ती सीमानं उचलली.

आई भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यातल्या ताटात सगळं होतं, गोडाची जागा तेवढी मोकळी. सीमा तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. तिनं पेढा मोडला आणि अर्धा आपल्या तोंडात घातला.

"अवं माय!" कोपऱ्यातून पार्बताबाई ओरडल्या. त्या मैनाच्या सासूबाई. "आत्ता तं म्हणे साखर म्हणजे जहर! धा मिनिटात उतरलं वाट्टे!"

हशा झाला. आई हसली नाही. ती आधी शकुनमावशीकडं आणि मग सीमाकडं बघत राहिली. तिला कळलं होतं.

"माह्यासाठी नको खाऊ, बाई," ती हळू म्हणाली. "तुहा नेम मोडते."

इथं सुटका होती. सीमाला ती स्पष्ट दिसली. नुसतं म्हणायचं, की तुझ्यासाठी एकदा मोडला नेम. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. पार्बताबाईंनीच पोरीचं नाव गावभर केलं असतं.

"नेम नाही, आई," ती म्हणाली. "नेम केव्हाचाच मोडला. तिकडं खाते मी. दर गुरुवारी खाते. चोरून."

खोलीतला गलका एकेका तोंडापासून थांबत गेला.

आईनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग विचारलं, "आन् थो पेढा? बडनेऱ्याले देल्ला थो?"

"खाल्ला. विमानतळावर."

"अर्धा?"

सीमाला वाटलं, आई चिडली असती तर बरं झालं असतं. पण आई खरंच विचारत होती. अर्धा कुठं तरी ठेवलेला असेल, अशी अजून थोडी आशा त्या प्रश्नात होती.

"सगळा."

आईनं मान हलवली. रागाची नाही, एखादा निरोप पोचल्यावर हलवावी तशी. मग तिनं तोंड उघडलं. उरलेला अर्धा पेढा सीमानं आईच्या जिभेवर ठेवला. आईनं तो चावला नाही. डोळे मिटले, कपाळाला आठ्या पडल्या आणि मोठ्या कष्टानं तिनं तो गिळला.

"भल्लं गोड असते वं हे," ती म्हणाली. "पाणी दे."

सीमानं पाणी दिलं. आईनं दोनदा खळखळून चूळ भरली.

बायका हळूहळू पुन्हा बोलू लागल्या, पण सीमाकडं न बघता. थोड्या वेळानं मावशी चहाचे कप घेऊन आली. आईच्या कपात तिनं आपण होऊन साखरेचा चमचा नेला. "आता तं घे, बाई. सुटला नवस."

आईनं कपावर हात झाकला. "राहू दे. आता फिकाच चांगला लागते."

मावशीनं तो चमचा तसाच सीमाच्या कपात उलटा केला, आणि वर आणखी दोन घातले. विचारलं नाही. सगळ्यांसमोर बसून सीमा तो चहा घोटाघोटानं प्यायली. कप रिकामा झाला तेव्हा तळाशी साखर उरलेली होती, ओली, पिवळसर. समोरून आई त्या कपात बघत होती.

सीमा कप हातात धरून बसली. तिला तो खाली ठेवता येईना, आणि बोटही उचलेना.