धूरकोटातला माझा भिडू

रविवारची दुपार होती आणि पत्ते वाटून झाले होते. संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या साळवे सरांच्या घरी, पुढच्या खोलीत, रशीदभाई, सरांच्या पत्नी शकुंतलावहिनी आणि मी सतरंजीवर बसलो होतो. सरांच्या वाट्याचे पत्ते त्यांच्या जागेवर पालथे ठेवलेले. जेवणानंतर सर थोडे आडवे व्हायचे, पण त्या दिवशी ती झोप जरा लांबली, म्हणून मी बसल्या जागेवरून ओरडलो, "सर, हरायची भीती वाटत असेल तर तसं सांगा, मी दुसरा भिडू बघतो!" आतून उत्तर आलं नाही. "थांबा भाऊजी, उठवते," म्हणत वहिनी आत गेल्या... आणि परत आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. आम्ही दोघंही उठलो. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

या गोष्टीला आता दोन-तीन महिने झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींचं बोलणं झालं, मंडळी पांगली, तेव्हा वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, तुमी लिवता ना पेपरात? ह्यांच्यावर लिवा. पण रडकं नका लिवू. आमचं माणूस रडकं नव्हतं." वहिनींचा हुकूम मोडायची आमच्या गल्लीत पद्धत नाही, म्हणून हा प्रपंच.

साळवे सर मूळचे लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातले. तिकडच्याच शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, संभाजीनगरहून रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. निवृत्तीनंतर ते माझ्या शेजारी राहायला आले ते मोठा आवाज, दोन झोळ्या आणि एक कुंडीतला कडुनिंब घेऊन. मी तहसिलीतला निवृत्त कारकून. आमच्या घराण्यात पूजा सांगणं किंवा कारकुनी करणं असे दोनच धंदे, त्यातला मी दुसरा उचलला. पहिल्याच भेटीत सर म्हणाले, "देशपांडे, तुमच्याकडं होमाचा धूर, आमच्याकडं चुलीचा. तशी बरोबरीच होती. पण हा एसी लावून तुम्ही एकदम लई पुढं गेलात!" माझ्या नव्याकोऱ्या एसीचा असा पाणउतारा अजून कुणी केला नव्हता. मला रागच आला होता. पण सरांवर रागावून बसणं फार वेळ जमायचं नाही, कारण ते मध्येच हसायला लागायचे आणि त्यांचं हसू पडशासारखं समोरच्याला लागायचं.

धूर हा त्यांचा ध्यास. माणसाच्या रोजच्या जगण्यापायी हवेत किती कार्बन जातो, त्याचा हिशेब लोकांना कळावा असं त्यांना फार वाटायचं. "पण कार्बन फूटप्रिंट म्हटलं की लोक जांभया देतात," ते म्हणायचे. "धूर म्हणा. धूर सगळ्यांनी डोळ्यांत घेतलाय. बटण हितं दाबायचं, कोळसा तिकडं जळतो, एवढीच तर गोष्ट आहे." एवढीच गोष्ट सांगायला ते एकदा शहरातल्या एका शाळेत गेले. पडद्यावर वितळणारा बर्फ आणि त्यावरचं पांढरं अस्वल दाखवलं. उन्हाळ्याचे दिवस, वर्गातला पंखा बंद. पोरांना अस्वलाची दया येण्याऐवजी त्या बर्फाचा मोह पडला. एकानं तर विचारलं, "सर, तिथं सहल नेता येते का?" सर घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "मी त्या बाकावर असतो तर मीही झोपलो असतो, देशपांडे," एवढंच म्हणाले आणि आमच्यात मेंढीकोट खेळायला बसले.

त्या डावातच त्यांना सुचलं. मेंढीकोट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: चौघांचा खेळ, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू. दहाचा पत्ता म्हणजे मेंढी. ज्या जोडीकडं मेंढ्या जास्त ती जिंकली. मराठवाड्यात हा खेळ पोरगं चालायला लागलं की शिकतं. सरांनी तो उलटा केला. चार मेंढ्यांच्या जागी चार मोठे धूर आणले: विमान, मोटार, एसी आणि लग्नात वाया गेलेली पंगत. बाकीचे पत्ते स्कूटर, फ्रीज, यष्टी, सायकल, माठ असे उतरत्या धुराचे. ज्याच्याकडं धूर जास्त तो हरला. नाव ठेवलं धूरकोट.

पत्ते केले जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे. साऱ्या गल्लीनं पत्रिका आणून दिल्या. एकाच गड्डीत मागून कुठं गणपती, कुठं बुद्ध, कुठं चाँदतारा. बघायला इतकी सुंदर गड्डी मी दुसरी पाहिली नाही. पण पहिल्याच दिवशी रशीदभाई प्रत्येक डावात विमान बरोबर चुकवायला लागले. कूलरचं दुकान मुलांवर सोपवून दिवसभर पत्ते खेळणाऱ्या माणसाला एवढी अक्कल कुठून आली, ते कळेना. शेवटी वहिनींनी पकडलं. विमानाच्या मागं रशीदभाईंच्या भाच्याच्या लग्नाची पत्रिका होती! मग सगळ्या पत्त्यांना मागून खाकी कागद चिकटवावा लागला.

त्याहून मोठी गंमत पुढं झाली. नियम सगळ्यांना तोंडपाठ, पण हात ऐकेनात. समोर मेंढी पडली की वर्षानुवर्षांच्या सवयीनं आम्ही हुकूम मारून ती उचलायचोच. रशीदभाई सतरंजीवर थाप मारून ओरडायचे, "मेंढी अपनी!" आणि मग उचललेला पत्ता नीट बघायचे तर एसी. "या अल्ला, फिर आदत!" सर पोट धरून हसायचे. "बघा, बघा! धूर काय आणि मेंढी काय, नको असं माहीत असून हात पुढं जातो. हाच माझा सगळा भूगोल!" त्या दिवसापासून त्यांनी भाषण देणं सोडलं. झोळीत गड्डी टाकायची, यष्टी धरायची आणि शाळेत, विहारात, बचत गटात जाऊन मांडी घालून बसायचं. हरलेली माणसं आपणहून विचारायची, सर, आमचा धूर एवढा कसा झाला? मग सर सांगायचे, आणि लोक ऐकायचे.

बिडकीनला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बायकांचा गट होता. डाव रंगात आला आणि कडूबाई नावाच्या एका बाईंच्या हातात विमान आलं. सरळ खेळायचं तर त्यांनी ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायला हवं. कडूबाईंनी ते पदरात धरलं.

"मावशी, टाका की. हराल," सर म्हणाले.

"हरू द्या. जलमात कधी इमानात बसले नाय. हितं तरी बसू द्या."

सगळ्या बायका हसल्या. सर मात्र हसता हसता थांबले. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना काहीतरी टोचलं. ज्यांच्या वाट्याला धूर कधी आलाच नाही, त्यांनाच आपण धूर टाका म्हणतोय... तेवढ्यात कडूबाईंच्या समोरची बाई, त्यांची भिडू, पुढं झाली आणि तिनं आपला स्कूटरचा पत्ता खाली ठेवला. "ही घ्या माझी फटफटी. मी यष्टीनं जाते. तिला बसू द्या इमानात."

असा नियम खेळात नव्हता. सरांनी तिथल्या तिथं केला. भिडूनं आपलं सुख सोडलं तर समोरच्याचा मोठा धूर माफ. परतीच्या यष्टीत ते सारखं म्हणत होते, "खेळ आता पुरा झाला, देशपांडे. आता पुरा झाला." इतका आनंदी माणूस मी यष्टीत उभ्यानं प्रवास करताना पाहिलेला नाही.

आणि मग तो खेळ त्यांच्याच घरात शिरला. त्यांची एकुलती मुलगी प्रज्ञा कॅनडात असते. गेल्या उन्हाळ्यात ती बाळंत झाली, मुलगी झाली. नाव ठेवलं मैत्री. प्रज्ञानं आई-बाबांना बोलावलं. तिकडं जाऊन-येऊन एका माणसाच्या वाट्याला जो धूर येतो, तो सरांच्या कैक महिन्यांच्या धुराहून जास्त, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? ते कधी विमानात बसले नव्हते आणि शाळाशाळांतून हे अभिमानानं सांगायचे. आता नात बोलवत होती. "ज्या तोंडानं पोरांना सांगितलं, त्याच तोंडानं विमानात बसू?" ते म्हणाले.

"तोंडानं नाय, बुडानं बसतेत इमानात," वहिनी म्हणाल्या. "तुमी बसा हितं धूर मोजत. मी लेकीकडं चालले." आणि त्यांनी डिंकाचे लाडू वळायला घेतले.

सरांची त्या दिवसांतली अवस्था बघवत नव्हती. फोनवर नातीचा फोटो उघडायचे, बोटांनी मोठा करायचे, पुन्हा बंद करायचे. जेवण कमी झालं, आवाज तर पारच गेला. नातीला बघायचं की शब्दाला जागायचं, यातलं एक निवडलं तर दुसरं जन्मभर सलणार, हे आम्हाला दिसत होतं. मी एकदा म्हणालो, "अहो, एका माणसानं काय फरक पडतो?" तर असं बघितलं त्यांनी माझ्याकडं, की पुढचा चहा मी न बोलता प्यालो.

त्या रविवारी डावात विमान नेमकं सरांच्याच अंगावर आलं. त्यांनी ते समोर ठेवलं आणि बघत बसले. मग रशीदभाईंनी हातातले पत्ते खाली टाकले.

"सरजी, खेल में भिडू का कायदा है, तो घर में कायकू नक्को? मेरा स्कूटर एक साल बंद. दूध लाना, चाय पीना, नमाज को जाना, सब पैदल."

मग तिघांनीही माझ्याकडं बघितलं. खरं तर सरांचा भिडू मी होतो. रशीदभाई तर वहिनींचे. मला घाम फुटला. "दुपारचा एसी..." मी म्हणालो. "एक उन्हाळा."

"वरीसभर म्हणा," वहिनी म्हणाल्या.

"बरं, वर्षभर."

सर शेवटी मास्तरच. म्हणाले, "तुम्ही सोडलंत म्हणून विमानाचा धूर परत येत नसतो. हवेत गेला तो गेला."

"आणि आमचा जो जाणार नाही, त्याचं काय?" मी विचारलं.

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "तुम्ही खरंच पाळणार?" त्यांनी असं विचारलं, जसं एखादं पोरगं सहलीला खरंच न्याल ना म्हणून विचारतं. मला त्या क्षणी तो माणूस इतका आवडला की आणखी काही मागितलं असतं तर फ्रीजसुद्धा देऊन टाकला असता.

सर वहिनींबरोबर कॅनडाला गेले. एकदाच जायचं तर पोटभर राहून यायचं, म्हणून थंडी पडेपर्यंत राहिले. तिथल्या बागेतल्या म्हाताऱ्यांना धूरकोट शिकवला, त्यांच्यासाठी हीटरचा नवा पत्ता केला. परत आले ते गुबगुबीत होऊन. मी विचारलं, "विमानात लाज वाटली का?"

"वाटली की. पण मजाही लई आली!" ते म्हणाले. "खिडकीची जागा मिळाली, देशपांडे. ढग वरून बघितले! जन्मभर फळ्यावर काढले होते... वरून कापसाच्या गाठी फोडून ठेवल्यासारखे दिसतात." हे त्यांनी गल्लीत प्रत्येकाला सांगितलं. शाळांतसुद्धा सांगितलं, काही लपवलं नाही. पोरांनी विचारलं की सर, मग तुम्ही हरलात का, तर म्हणायचे, "हरलो असतो. भिडू चांगले निघाले."

परत आल्यावर जेमतेम हिवाळा संपेपर्यंतच ते आम्हाला लाभले. पण नातीला डोळेभर बघून, मांडीवर खेळवून गेले. हे आठवलं की मला फार बरं वाटतं. एवढ्या मोठ्या माणसाच्या सुखात आपला दुपारचा घाम होता, असा मानसन्मान तहसिलीत मला कधी मिळाला नव्हता.

आमचं वर्ष परवा पुरं झालं. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवसाकडं डोळे लावून होतो. मे महिना, भिंतीला हात लावला तर चटका बसतो. एसी साफ करून घेतला, आणि संध्याकाळी वहिनींकडं गेलो. रशीदभाई आधीच येऊन बसलेले, चालत. वहिनींचा प्रज्ञाशी फोन चालू होता. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "पोर झोपत नाय म्हणती. ह्यांनी तिला मांडीवर घेऊन पत्ते पिसायची सवय लावली व्हती. ती फडफड ऐकली की झोपायची म्हणं. प्रज्ञाला पिसता येत नाय, पत्ते सांडतेत सगळे. आई, तू ये म्हणती... पण कसं जाऊ? ह्यांचं म्हणणं एकदाच जायचं. आन् आता म्या जायाचं म्हणजे पुन्यांदा एवढा धूर."

रशीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मग ते हसून म्हणाले, "भाभी, पिसना तो आपकू आता है ना? जाओ. स्कूटर को अब जंग लग गया, चालू भी नै होता."

वहिनींनी माझ्याकडं मान वळवली. सर गेल्यापासून त्या पहिल्यांदा ओठ दाबून हसू आवरत होत्या. "बरं, आणखी वर्षभर," मी म्हणालो. सरांचा भिडू मी होतो, तो डाव अजून माझ्याच अंगावर होता.

वहिनी पुढच्या महिन्यात जाणार आहेत. मी हे लिहितोय तेव्हा दुपार टळटळीत आहे, खिडक्या सताड उघड्या, सदरा पाठीला चिकटलाय, आणि भिंतीवरच्या त्या साफसूफ केलेल्या एसीकडं बघत मी सरांना मोठ्यानं शिव्या घालतोय. गेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. पण भिडूला चालतं.