लोंबी ठेवलेलं पान

रोझारिओसारखा सरळ तास मरोळच्या गावठाणात दुसऱ्या कोणाच्या नांगराने पडला नाही. आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, चर्चमध्ये पहिली पेंढी जायची ती त्याच्या हातची. पण शेत बापाने धाकट्याच्या, अर्बनच्या नावावर केलं होतं. घरात कागद वाचणारा तोच. ब्याऐंशी साली अर्बनने बिल्डरच्या कागदावर सही केली. थोरल्याला ते कळलं बांध फोडणारी माणसं आली तेव्हा.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात अर्बनने अंथरूण धरलं. इस्पितळातून निरोप आला, दादाला एकदा पाठवा.

"जाऊन ये रे," बायको व्हायोलेट म्हणाली.

"देवाच्या मनात काय आहे ते आधी बघतो." रोझारिओने कपाटावरचं बायबल काढलं. दुसरी शिकलेला माणूस. रोप लावावं तसं एकेका अक्षरावर बोट टेकवत वाचायचा.

"शेवटाकडून वाच ना. माफीचं सगळं तिकडे आहे."

"भात शेंड्याकडून लावतात का गं? मुळापासून वाचणार."

"तोवर तो मातीत जाईल."

"जाऊ दे. माती त्यानेच विकली."

उजेड झाला, पाणी बाजूला सरलं, जमीन वर आली. देवाचं सहा दिवसांचं काम वाचायला त्याला तीन आठवडे लागले. जमिनीपाशी तो बराच वेळ थांबला. मग दोन भाऊ आले. थोरला शेतकरी, धाकटा मेंढपाळ. थोरल्याने देवापुढे पीक ठेवलं. देवाने धाकट्याचं घेतलं, त्याचं नाही.

त्याने चारदा वाचलं. कारण कुठे सापडेना.

"बघ," तो म्हणाला, "नांगर धरणाऱ्याचं देवालाही नको." शेवटच्या पिकाची एक लोंबी त्याने क्रुसामागे जपून ठेवली होती. ती त्या पानात घातली आणि पुस्तक मिटलं. कारण कळल्याशिवाय पान उलटायचं नाही.

पावसाळ्यात आणखी दोन निरोप आले.

"अजून वाचतोस?" व्हायोलेटने विचारलं.

"तिथेच आहे."

"तू नाही वाचत. तू राखण करतोस."

सप्टेंबरात अर्बन गेला. रोझारिओ दफनाला गेला, मूठभर माती टाकली, घरी येऊन भिंतीला टेकला. व्हायोलेटने पुस्तक उघडलं, लोंबी काढून बाजूला ठेवली, पान उलटलं आणि मोठ्याने वाचू लागली. थोरल्याने धाकट्याला शेतातच ठार मारलं होतं. आणि देव त्याला भावाचा पत्ता विचारत होता.

तिथे ती थांबली.

"पुढच्याच पानावर होतं रे," ती म्हणाली.



ऑक्टोबरात आगेरा आला. गावात भात कुठलं, पेंढी वसईहून आणली. जुना शेतकरी म्हणून फादरनी ती रोझारिओच्या हातात दिली. चर्चच्या पायरीवर त्याने ती व्हायोलेटकडे सरकवली.

"तू ने," तो म्हणाला. "देव माझ्या हातचं का घेत नाही, ते कळलं मला."