सावकाशची विनाथांबा गाडी

डेपोत त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथंच राहिलं. बस हाकायचा तो अशी, की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांची डुलकी मोडू नये. गाडी थांब्यावरून सुटली आणि मागून कुणी पिशव्या सावरत धावताना दिसलं, की पुन्हा थांबलीच. लोक त्याला दुवा द्यायचे, साहेब मेमो द्यायचे. आणि एवढं करून कुणाला पत्ता नव्हता की या माणसाला थांबायचा मनापासून कंटाळा होता.

तो थांबायचा तो बेलमुळे. आणि बेलची दोरी होती बायकोच्या हातात.

ती त्याच्याच गाडीवर कंडक्टर. एकदा टिंग म्हणजे थांब, दोनदा टिंग म्हणजे चल. लग्नाआधी कितीतरी दिवस या दोघांचं बोलणं झालं ते एवढंच. पण तेवढ्यावरून त्याला सगळं कळायचं. मऊ टिंग आली की कुणी आजीबाई उतरतायत. करकरीत टिंग आली की कुणीतरी तिकिटावरून हुज्जत घातलीय. आणि दोरी तुटेल अशी टिंग आली, की कुणाचा तरी हात नको तिथं गेलाय. मग तो काही न विचारता गाडी सरळ पोलीस चौकीसमोर नेऊन उभी करायचा. 

बाई कंडक्टर म्हटल्यावर सुरुवातीला लोक तिची पिशवी बघायचे, तोंड बघायचे आणि विचारायचे, “कंडक्टर कुठाय?”

“तुमच्यासमोर. तिकीट कुठाय?”

डेपोत बायकांना संडास नव्हता. एकट्या बाईसाठी कुठं बांधत बसायचं, असं साहेबांचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांच्याच संडासात शिरून आतून कडी लावली, ती जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बाहेर आली नाही. साहेब दारावर थापा मारून थकले. बायकांचा संडास बांधायचं काम मग त्याच महिन्यात निघालं. तेव्हापासून तिला ‘डबलबेल’ म्हणायला लागले. साहेबसुद्धा, पण ती गेटबाहेर पडल्यावर.

तर अशी ही दोघं निवृत्त झाली आणि सावकाशनं घरी आगगाडी आणली.

खरी नव्हे, पण अगदीच खेळण्यातलीही नव्हे. इंजिन चांगलं मांजराएवढं, रूळ पितळेचे, उन्हापावसात बाहेर राहतील असे. एका दुकानदाराकडं कधीची पडून होती. खोकं उघडून तो घरामागच्या वाफ्यांकडं बघत उभा राहिला. ते वाफे बायकोचे. पुदिना तिचा, टोमॅटो तिचे, नळसुद्धा तिचाच म्हणायचा.

“इथून काढायची लाइन,” तो म्हणाला. “टोमॅटोच्या मागून, पेरूला वळसा घालून, नळाशेजारून परत. गोल.”

“आणि थांबे?”

“थांबे नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाहीत. जन्मभर तुझ्या बेलवर ब्रेक दाबला. आता ही एक गाडी तरी माझ्या मनासारखी धावू दे. विनाथांबा!”

ती हातातली मुळी मातीसकट धरून त्याच्याकडं बघत राहिली. “जी थांबत नाही ती कसली गाडी ओ? चढायचं कुणी, उतरायचं कुणी? माणसं न घेता पळते ती गाडी नसते. ती साहेबाची मोटार असते.”

हा घाव वर्मी लागला. तरी तो हटला नाही. थांबा होणार नाही म्हणजे नाही.

बाईचं एक आहे. भांडण वेगळं आणि काम वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन चर खणायला तीच पुढं. तो दोरी लावायचा, ती खणायची. मग खडी पसरायची, धुम्मस मारून चोपायची. तो गवंड्याची लेव्हल ठेवून एका डोळ्यानं बुडबुडा बघायचा. “जरा उचल… जास्त झालं… जरा खाली…” असं तो तासभर बोलला, तेव्हा ती म्हणाली, “ड्रायव्हर, मी काय जॅक आहे का?” घरात ती त्याला ‘अहो’ म्हणायची. ‘ड्रायव्हर’ म्हणाली की समजायचं, बुडबुडा मधे आलेला आहे, आणखी बोलू नये.

पेरूपाशी वळण आवळून घेतलं होतं. पहिल्याच फेरीला इंजिन तिथं आडवं झालं आणि चाकं हवेत फिरवत पडलं. तो धावला. तीही धावली, पण हसत. वळण मोठं करायचं तर पुदिन्याची एक ओळ जाणार. तो नुसता पुदिन्याकडं बघत बसला. शेवटी तिनंच ती ओळ मुळासकट काढली आणि बादलीत लावली.

“घ्या जागा. पण फुकट गेली असं समजू नका.”

त्याला वाटलं, ती चेष्टा करतेय. बायकोला एवढी वर्षं आरशातच बघत आलेल्या माणसाला समोरून आलेलं कळायला जरा वेळ लागतो.

सांडपाण्याच्या चरीवर जुन्या खाटेच्या पट्ट्यांचा पूल झाला. फुटक्या माठाचा बोगदा झाला, त्यात मुंग्यांनी बिऱ्हाड केलं, ते दोघांनी मिळून हलवलं. मालडब्याला रेल्वेत वाघीण म्हणतात, हे त्याला दुकानदारानं सांगितलं होतं. घरात तो शब्द तो जरा जपूनच वापरायचा.

मग एका सकाळी नळाशेजारी, स्वयंपाकघराच्या पायरीपुढं, रुळाला लागून एक वीट दिसली.

“हे काय?”

“वीट.”

“ते दिसतंय. थांबा बांधायचा नाही असं ठरलंय.”

“मी कुठं बांधला? वीट ठेवली.”

दोन दिवसांनी विटेवर फरशीचा तुकडा आला. मग चार काड्यांवर डब्याच्या झाकणाचं छप्पर आलं. मग आइस्क्रीमच्या काड्यांचं बाकडं. त्यानं कमरेवर हात ठेवून विचारलं, “हे अतिक्रमण कुणाच्या परवानगीनं?”

“वस्त्या अशाच होतात,” ती भांडी घासता घासता म्हणाली. “आधी वीट, मग पत्रा, मग पाटी. आता हटवायला येताय का? या. पण माझा पुदिना विस्थापित झालाय, तेव्हा तयारीनं या.”

तो आला नाही. पाटीसुद्धा लागली, ‘नळ’.

इथवर ठीक होतं. गाडी नळाच्या थांब्यावरून न थांबता जायची आणि तो मिशीतल्या मिशीत हसायचा. पण चहाच्या टपरीवर त्यानं तोंड वाजवलं. डेपोतल्या जुन्या मेकॅनिकला, ज्याला सगळे ‘ग्रीस’ म्हणायचे, त्यानं सांगितलं, “रविवारी ये. सगळ्यांना घेऊन ये. सावकाश काय चीज आहे ते बघा. माझी गाडी थांबत नाही. बायकोनं बेल दिली तरी नाही!”

ग्रीसनं ते डेपोभर केलं. म्हणजे आता नुसती गाडी नव्हती, इज्जत होती. शनिवारभर सावकाशला एकच घोर. ही ऐन वेळी बेल म्हणून पेल्यावर चमचा मारणार. टिंग. आणि माझा पाय आपोआप ब्रेक दाबणार, अंगठा हातातल्या रेग्युलेटरचं बटण बंद करणार, आणि सगळा डेपो हसणार. त्यानं कानात घालायला कापूस काढून ठेवला.

रविवारी मंडळी जमली. ग्रीस आला, टाइमकीपर आला, आणखी दोघंतिघं आले. शेजारच्याच घरातली त्याची थोरली बहीण खुर्ची घेऊन आली आणि पेरूखाली बसली. सावकाश धुतलेला शर्ट घालून, कानात कापूस कोंबून, रेग्युलेटर हातात धरून उभा. त्यानं बटण फिरवलं.

गाडी निघाली. पूल ओलांडला, माठातून बाहेर आली, पेरूला सफाईदार वळसा घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नळ आला. त्यानं श्वास धरला. बायको पायरीवर उभी, एका हातात स्टीलचा पेला, एका हातात चमचा.

काही झालं नाही. ती साखर ढवळत होती.

दुसऱ्या फेरीला ग्रीस म्हणाला, “झकास!” तिसऱ्या फेरीला टाइमकीपरनं नुसती मान हलवली. मग कुणीतरी नव्या साहेबांचा विषय काढला आणि सगळे पाठ फिरवून नव्या साहेबांना शिव्या घालायला लागले. बहीण पेरूकडं बघून म्हणाली, “यंदा लागलेत का रे?”

गाडी फिरतेय. कुणी बघत नाही. कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. फिरवणारा एकटाच उन्हात उभा, घाम कापसात मुरतोय. आणि थांबवावी कशी? स्वतःहून थांबवली तर विनाथांबा कसली!

त्यानं हळूच एका कानातला कापूस काढला. पेल्याकडं बघितलं. ती ढवळतच होती, पण चमचा पेल्याला लागू न देता. इतकं जपून साखर ढवळताना त्यानं तिला कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या कानातलाही काढला. गाडी पुन्हा नळावरून गेली.

“अगं,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

“काय?”

“बेल दे की.”

“कुणाला?”

“मला.”

“छे बाई! ही विनाथांबा आहे ना? टपरीवर तर तसंच जाहीर झालंय म्हणे.”

“कंडक्टरबाई, चेष्टा पुरे. दे.”

तिनं आणखी एक फेरी जाऊ दिली. पुदिन्याच्या ओळीची वसुली होती ती. मग पेल्याच्या काठावर चमचा मारला.

टिंग.

त्याचा उजवा पाय जमिनीत रुतला, अंगठा फिरला, आणि गाडी नळाच्या थांब्यावर अशी लागली की मागच्या बाकावरच्या कुणाची डुलकी मोडली नसती. त्या एका आवाजानं सगळ्यांच्या माना वळल्या.

“थांबली रे!” ग्रीस ओरडला. “बायकोच्या बेलवर थांबली!”

हसण्याचा जो गदारोळ झाला, त्यात सावकाशही होता. ती खाली बसली आणि गाडीच्या उघड्या डब्यात एकेक बिस्कीट रचायला लागली. 

“वाघीण भरली का?” त्यानं विचारलं आणि जीभ चावली.

तिनं वर बघितलं. “कोण म्हणालात?”

“डबा. डबा भरला का म्हटलं.”

“भरतेय. प्रवासी चढतायत. घाई आहे का ड्रायव्हरला?”

“नाही. सावकाश होऊ दे.”

टिंग टिंग.

गाडी निघाली आणि आता एकूण एक माणूस वाकून तिच्याकडं बघत होता. ग्रीसनं स्वतःपुढं एक दगड ठेवला, “इथं थांबा पाहिजे!” बहीण पेरूखालून म्हणाली, “अरे, मी काय उपाशी मरू? मला इथं हवा.” टाइमकीपर वेळापत्रकाचं काहीतरी बोलायला लागला.

सावकाशनं बायकोकडं बघितलं.

“रीतसर मागणी करा,” ती सगळ्यांना म्हणाली, “आधी वीट ठेवा.” आणि तिनं पुन्हा चमचा उचलला.