बारा बॅटऱ्यांचा लाल दिवा

चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो. पलूसच्या बाजारात ही गोष्ट माझ्याआधी पोहोचली आहे, आणि तिथे ती तिखटमीठ लावून सांगतात.

कुंडलला तानाजी माझा शेजारी, फौजेतून निवृत्त झालेला. तो आणि त्याची बायको सुनीता घरामागच्या शेडमध्ये सौरदिव्यांच्या बॅटऱ्या बनवतात. सुनीता कॉलेजात माझी विद्यार्थिनी. त्यांना पहिली मोठी ऑर्डर आली ती माण तालुक्यातून, दहिवडीजवळच्या एका गावातून. बारा बॅटऱ्या. अट एकच, जाणकाराच्या सहीचा तपासणीचा कागद हवा. जाणकार म्हणजे मी. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट, तीस वर्षं शिकवलं, आणि कुलूप लावल्यावर ते चार वेळा ओढून बघायची सवय.

तपासायला इलेक्ट्रॉनिक लोड नावाचं यंत्र आणलं होतं. बॅटरीतून ठरवून दिलेला करंट ओढायचा आणि ती कुठवर टिकते ते बघायचं, एवढंच त्याचं काम. त्यात दोन गोष्टी आधी ठरवून द्याव्या लागतात. कोणकोणत्या गडबडी कळवायच्या, ते स्टेटस रिपोर्टिंग. मी म्हटलं, सगळ्या. आकड्यांची थरथर किती दाबायची, ते डॅम्पिंग. नाचरे आकडे बघितले की मला धडधडतं, म्हणून तेही अगदी शेवटच्या टोकाला.

पहिली बॅटरी लावली. आकडे शांत, पण दोषाचा लाल दिवा लागलेला. दुसरी लावली, तीच गत.

"सेल कुठून आणलेस रे तानाजी?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सर, खोकं तुमच्याच म्होरं फोडलं की."

आता तुम्हीच सांगा, मुद्दाम माझ्यासमोर का फोडलं असेल? पाचव्या बॅटरीला मी त्याच्या नव्या बुटांकडे बघायला लागलो. आठव्या बॅटरीला सुनीताने चहा विचारला. मला वाटलं, ही मला पाघळवते आहे. चहा नाकारला. कागदावर मात्र शाईने लिहीत गेलो, 'दोष आहे. कारण: निकृष्ट सेल.' असं बारा वेळा.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता. तानाजी मटकन खाली बसला.

"म्हंजे माल जात न्हाई. आन् परत कोन इचारतंय आमाला, सर."

वाईट वाटलं, पण सत्य ते सत्य. सही करायला पेन टेकवलं, तेवढ्यात सुनीता म्हणाली, "सर, एक बोलू का?"

"बोल."

"आता यंत्राला बॅटरीच जोडल्याली न्हाई."

"मग?"

"दिवा तरी लालच हाय."

पाहिलं, तर खरंच.

"तुला कधी दिसलं हे?"

"दुसरी बॅटरी काढली तवाच."

"मग बोलली का नाहीस?"

"आवं, तुमी सर. आमी तुमाला काय सांगायचं?"

मी माहितीपुस्तिका उघडली. एकदा नोंदलेला दोष वाचून पुसेपर्यंत तसाच राहतो, असं तिथे स्पष्ट छापलेलं. नोंद वाचली. 'उलटी जोडणी.' मग आठवलं. पहिल्याच बॅटरीच्या वेळी मी लाल वायर उलट्या टोकाला लावली होती, आणि कुणी बघत नाही असं पाहून गुपचूप बदलली होती. एवढं डॅम्पिंग लावल्यावर आकडा काय हलणार? त्यामुळे ती उलटी वायर मी विसरूनही गेलो. यंत्र मात्र बारा वेळा माझी चहाडी करत होतं.

नोंद पुसली, डॅम्पिंग उतरवलं, बाराही बॅटऱ्या पुन्हा लावल्या. टेम्पोवाल्याची एक झोप झाली, पण सगळ्या पास झाल्या. दुसरा कोरा कागद नव्हता. मग 'निकृष्ट सेल' खोडून प्रत्येक ठिकाणी खरं कारण लिहिलं, 'तपासणारा', खाली 'बाराही पास' लिहिलं आणि सही ठोकली.

आठवड्याने त्या गावच्या सरपंचबाईंचा फोन आला. मी तिथेच बसलेलो, फोन स्पीकरवर.

"तानाजीभाऊ, दिवं लय झ्याक लागत्यात. कागद बी वाचला. बॅटऱ्या हायत तशाच ऱ्हाऊ द्या, फकस्त पुढच्या खेपेला त्यो तपासणारा तेवढा बदला."

तानाजीने माझ्याकडे पाहिलं आणि फार अदबीने म्हणाला, "न्हाई जमायचं, बाई. त्येची वारंटी कवाच संपलीया."