गुटीतलं न घेतलेलं नाव

सत्तरच्या दशकात आम्ही पिंपळे गुरवला दोन खोल्यांत राहायचो. मी औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला, हे दुसरीकडे प्रेसवर. माझी सकाळची शिफ्ट, यांची रात्रपाळी. तान्ह्याला बघायला चाकणकडच्या गावाहून सासूबाई आल्या होत्या. मला इतका शीण असायचा, की बाळ रडलं की आधी रागच यायचा.

सासूबाई रोज सहाणेवर बाळगुटी उगाळायच्या. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, अतिविष, एकेकाचा एखादा वेढा. पण तान्ह्याच्या घरात विष हा शब्द काढायचा नाही, असा त्यांचा दंडक. अतिविषाला त्या नुसतं 'कळी' म्हणायच्या. ती संपली तशी त्यांनी यांना पिटाळलं. हे पाळी करून आलेले, झोपेतच काष्ठौषधींच्या दुकानात गेले. कळी म्हणजे काय ते दुकानदाराला कळेना, आणि यांना एवढंच ठाऊक, की खऱ्या नावात विष आहे. म्हणाले, "ती विषाची मुळी हो." दुकानदारानं विचारलं, "गुडघ्याच्या तेलात घालायची का?" यांनी मान डोलावली, पुडी खिशात टाकली आणि घरी येऊन ती आईच्या हातात देऊन आडवे झाले.

दुपारी मी आले तोवर गुटी पाजून झाली होती. सहाणेवरची उरलेली आईनं चाटायची, म्हणून मी चाटली. जिभेला मुंग्या आल्या, मग ओठ बधीर झाले. बाळाला छातीशी धरलं तर ते ओढेना, नुसती लाळ गळत होती. हातपाय गार. यांना गदागदा हलवून विचारलं, "अहो, आणलंत काय?" दुकानदारानं गुडघ्याच्या तेलाचं विचारलं होतं, असं हे म्हणाले आणि मी बाळाला उचललं. त्यात बचनाग घालतात.

रिक्षा करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं? सासूबाई म्हणाल्या, "कळी दिली, दुसरं काय न्हाई." त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. माझी जीभ धड वळत नव्हती.

"विष," मी म्हणाले. "बचनाग. विष दिलंय आम्ही त्याला."

सासूबाईंनी झटकन बाळाचे कान झाकले.

त्याचं पोट धुतलं. छातीचे ठोके कसेही पडत होते, डॉक्टर कानाला नळी लावून बसूनच राहिले. दुसऱ्या दिवशी ठोके ताळ्यावर आले तेव्हा त्यांनी आम्हाला समजावलं. मज्जातंतूच्या पेशीला अगदी बारीक दारं असतात. दार उघडलं की मिठातलं सोडियम आत शिरतं आणि संदेश पुढे जातो. मग दार लगेच लागायला हवं. बचनागातला अर्क ते लागूच देत नाही. पेशी आधी नुसती ओरडत राहते, मग दमून गप्प होते. हृदयाचीही तीच गत. मला पटलं. आमचा पॅकिंगचा पट्टा कधी थांबलाच नाही, तर आम्ही बायकाही अशाच पडू.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "लागली का आता दारं?"

"लागली, आजी."

त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "इख पाजलं रं तुला मी. तोंडानं बोलाया भ्याले, आन् हातानं पाजलं."