साहेबांचा भारदस्त आवाज

आमचे हे शिकवणी वर्गांच्या एका संस्थेत रेकॉर्डिंगचं काम बघतात. गणिताचे सर प्रत्येक आकड्यानंतर आवंढा गिळतात, म्हणून त्यांना सव्वापट पळवायचं. इतिहासाच्या बाई एका दमात तीन राजे मारतात, म्हणून त्यांना आवरायचं. नुसता वेग वाढवला तर भल्या माणसाची चिमणी होते, म्हणून आवाजाची पट्टी तिथल्या तिथे धरून ठेवायची. हे इतकं अंगवळणी पडलंय की मी माहेरचं काही सांगायला लागले, की ह्यांचं बोट टेबलावर टकटक करतं. मला पळवायची कळ शोधतात, दुसरं काय.

आठ वर्षं झाली तरी नोकरी कंत्राटीच. दर अकरा महिन्यांनी नवी सही, आणि सही होईपर्यंत घरात सगळ्यांच्या जिवाला घोर. कायम करणं एकाच माणसाच्या हातात, संस्थेच्या संचालकांच्या. माणूस धिप्पाड, मिशा झुपकेदार, आणि आवाज मात्र देवाने घाईघाईत दुसऱ्याच कुणाचा घातलेला. बारीक, कापरा. एका जाहिरातीसाठी ह्यांनी तो चार पट्ट्या खाली उतरवला आणि साहेब तो ऐकून स्वतःच्याच प्रेमात पडले. माझा खरा आवाज हाच, दोष तुमच्या माइकमध्ये होता, म्हणाले. तेव्हापासून साहेब चारचौघांत बोलेनासेच झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिपायाकडे चहासुद्धा चिठ्ठीवर मागायचे.

मग संस्थेला पंचवीस वर्षं झाली. सोहळा म्हटलं की भाषण आलंच. साहेबांनीच तोडगा काढला: भाषण आधी रेकॉर्ड करायचं, ह्यांनी त्याची पट्टी उतरवायची, आणि मंचावर साहेब नुसते ओठ हलवणार. नीट पार पडलं तर तुम्ही कायम, म्हणाले. ह्यांनी जीव ओतला. ओठ जुळवायला सोपं जावं म्हणून भाषण थोडं संथ केलं, मोठ्या वाक्यांनंतर टाळ्यांसाठी रिकामी जागा ठेवली. संथ केल्यावर त्या जागाही लांबल्या, हे मात्र ह्यांच्या ध्यानात आलं नाही.

सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून मी एकटीच गेले. पहिल्या रांगेत साहेबांची आई बसली होती. नजर गेलेली, पण कान शाबूत. भाषण झकास चाललं होतं. साहेब हात उडवत होते, लोक माना डोलावत होते. एका पल्लेदार वाक्याला टाळ्या पडल्या, संपल्या, तरी रिकामी जागा काही संपेना. त्या शांततेत म्हातारी खणखणीत बोलली, "हे गृहस्थ छान बोलले. आता माझ्या पोराला बोलू द्या की. त्याचा आवाज ऐकायला आलेय मी."

साहेबांनी आईकडे पाहिलं. हा माणूस आता निदान 'आई' एवढं तरी म्हणेल, असं मला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तेवढ्यात रेकॉर्डिंग पुढे सुरू झालं आणि साहेबांनी घाईने ओठ हलवायला घेतले. म्हातारी शेवटपर्यंत कान देऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ह्यांना केबिनमध्ये बोलावणं आलं. आता आला पोटावर पाय, म्हणून मी दिवसभर धास्तावलेली. पण साहेबांनी एवढंच सांगितलं, की सोहळ्याच्या व्हिडिओतून आईचं ते वाक्य काढा. चित्रासकट काढू का, असं ह्यांनी विचारलं. नको, म्हणाले, चित्र राहू द्या, आई छान दिसतेय. ह्यांनी वाक्य पुसलं आणि तिथे टाळ्या घातल्या. त्या कमी पडल्या म्हणून वेग निम्मा करून लांबवल्या. संध्याकाळी कायम झाल्याचं पत्र हातात. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? रडलेसुद्धा.

रविवारी ह्यांनी तो व्हिडिओ कौतुकाने सासूबाईंना दाखवला. पडद्यावर म्हातारीने तोंड उघडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाई पुढे सरकल्या. "ह्या काय म्हणतायत रे?"

ह्यांनी टाळ्यांचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "काही नाही गं. मुलाचं कौतुक करतायत."

"आईच ती. करणारच," सासूबाई म्हणाल्या आणि ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला. हे पाणी प्यायला म्हणून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.